मुलाच्या जिभेवर लाल चट्टे, जागा बदलत फिरतात, कोणाला अनुभव आहे का?

भांडुपची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याच्या जिभेवर लाल गुळगुळीत चट्टे येतात, कडेला पांढरट पिवळसर किनार, आणि ते एका जागी राहतच नाहीत, सोमवारी डाव्या बाजूला असलेला गुरुवारपर्यंत भरून येतो आणि तोवर टोकाजवळ नवीन उठलेला असतो. ताप नाही, खेळणं जोरात चालू आहे, फक्त टोमॅटोचं सार किंवा पाणीपुरी खाल्ली की आग होते म्हणतो. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा दे, गुलकंद दे. केमिस्टने बी कॉम्प्लेक्सचं सिरप आणि तोंड आल्यावर लावायचं जेल दिलं, काडीचा फरक नाही. नेटवर शोधायला गेले तर थेट कॅन्सर, तेव्हापासून झोप उडालीये. शाळेत डबा शेअर करतात, दुसऱ्या मुलांना लागेल का ही पण भीती. फॅमिली डॉक्टर, डेंटिस्ट की स्किनवाले, नक्की कोणाकडे जाऊ?

गिरगावकर७१:
ताई आधी शांत व्हा. मला हे लहानपणापासून आहे, माझ्या वडिलांना पण होतं, आता मुलीला आहे. जॉग्रफिक टंग म्हणतात. मधले कित्येक महिने जीभ एकदम क्लीन असते आणि मग परत नकाशा उमटतो. मिसळ, अननस, लिंबाचं लोणचं त्या दिवसांत बंद, ताक-भात चालू, बस एवढंच करतो. आजपर्यंत एकाही डॉक्टरने ऑपरेशन बिपरेशन सांगितलेलं नाही.

दातवाली_डॉक्टर:
मी डेंटिस्ट आहे, फोटो न बघता पक्कं सांगणं बरोबर नाही पण तुमचं वर्णन जॉग्रफिक टंगशीच जुळतंय. जिभेवर बारीक केसांसारखे उंचवटे असतात, त्यामुळेच ती मखमली दिसते, ते एखाद्या भागात झडले की खालची लाल कातडी उघडी पडते आणि तिखट आंबट तिथेच झोंबतं. एका बाजूने परत उगवतात, दुसरीकडे झडतात, म्हणून चट्टा सरकल्यासारखा वाटतो. साधारण शंभरातल्या एक ते तीन जणांना असतं. संसर्ग नाही, डबा खुशाल शेअर करू दे, आणि याचा कॅन्सर होत नाही. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही पण घराण्यात चालत येतं हे खरं, सोरायसिस असलेल्यांत जास्त दिसतं, आणि काहींना सोबत जिभेवर भेगा पण असतात, त्यात अन्न अडकतं म्हणून जीभ हलक्या हाताने घासायची. त्रास नसेल तर औषध लागत नाही. आग फारच झाली तर डॉक्टर लावायचं औषध देतात, पण केमिस्टचं जेल थांबवा, त्यातल्या बऱ्याच जेलमध्ये सॅलिसिलेट असतं, ते लहान मुलांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

पांढरं दिसलं की सगळं एकच असं मात्र समजू नका. गॉजने पुसल्यावर निघणारा दह्यासारखा थर बहुतेक वेळा फंगसचा. अख्खी जीभ लालभडक गुळगुळीत आणि सोबत थकवा असेल तर बी १२ आणि हिमोग्लोबिन तपासायचं, शाकाहारी घरांत हे बरंच सापडतं. गालाच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी, ती लायकेन प्लॅनस, मोठ्या माणसांत येते आणि तिच्यावर दर काही महिन्यांनी नजर ठेवावी लागते. आणि जो चट्टा हलत नाही, पुसून जात नाही, किंवा जी जखम दोन आठवड्यांत भरत नाही, ती दाखवायचीच, दुखत नसली तरी.

भांडुपची_आई:
डॉक्टर खूप खूप आभार, जीवात जीव आला. पण तुमचं वाचून आता सासऱ्यांची काळजी लागली. ते बरीच वर्षं मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, खातात, हल्ली त्यांना पण तिखट सहन होत नाही आणि वडापावचा घास नीट घेता येत नाही, तोंडच उघडत नाही पुरेसं. आम्ही समजत होतो दाढेचं काहीतरी आहे.

दातवाली_डॉक्टर:
ताई, मुलापेक्षा आधी त्यांना घेऊन जा. त्यांना त्यांचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा, जात नसतील तर उशीर करू नका. सुपारीने गालाची आतली कातडी आतून कडक होत जाते, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू सोडून नुसती सुपारी चालते हा गैरसमज आहे, सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली तरी मावा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतोय आणि आमच्याकडे विशीतली पोरं येतात दोन बोटं न जाणारी, बघवत नाही. कडकपणा पूर्ण जात नाही, पण मावा बंद केला, व्यायाम आणि इंजेक्शनं घेतली तर तोंड थोडंफार उघडायला लागतं.

गिरगावकर७१:
भांडुपहून सीएसएमटीची लोकल पकडा, सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, स्टेशनपासून चालत. नाहीतर मुंबई सेंट्रलला नायरचं डेंटल. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि ओरल मेडिसिन विभाग विचारा, दोघांना एकाच फेरीत दाखवता येईल. आणि काकांना सांगताना नातवाला दाखवायला चला असं म्हणा, नाहीतर ते यायचे नाहीत.