तातडीची मदत हवी: स्लॅबवर बांधलेला कुत्रा, पोलीस आणि नगरपरिषद दोघांनीही हात वर केले

कडुनिंब (५ मे, दुपारी २:१०)
शेजारच्या घराच्या स्लॅबवर कुत्रा बांधलेला आहे. वर टिनाचं छप्पर, तेही अर्धंच. टिन तापलं की बिचारा टाकीच्या पायाशी हातभर सावलीत अंग चोरून बसतो, साखळी तेवढीच पुरते. पाण्याचं भांडं सकाळपासून पालथं पडलंय. बरगड्या मोजून घ्या. पाठीवरचे केस गेलेत, कानात गोचिड्या लटकल्यात.

पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तात आहेत", दुसऱ्यांदा "ताई, हे घरगुती आहे, आपसात मिटवा". नगरपरिषदेत सांगितलं की पाळीव कुत्रा आमच्याकडे येत नाही, मोकाट असेल तर अर्ज द्या. एका संस्थेला फोन लावला, त्यांची गाडी इतक्या लांब येत नाही.

आज-उद्यात काय करता येईल तेवढंच सांगा. कायदा आहे हे मलाही माहीत आहे. तो लावणार कोण?

चैत्रपालवी (२:२५)
शहर कुठलं? पुण्यात असाल तर मी दोन-तीन नंबर देते, तासाभरात माणूस येतो.

निळा_पतंग (२:३१)
रात्री साखळी कापा आणि घेऊन जा त्याला. इतकं सोपं आहे. कागद नाचवत बसलात तर कुत्रा मरेल.

वकीलकाका (२:४८)
असलं काही करू नका. कुत्रा कायद्यानं मालकाची मालमत्ता आहे. तुम्ही नेलात तर चोरी, स्लॅबवर चढलात तर गृह-अतिक्रमण, आणि मग पोलीस तुमच्या दारात मात्र लगेच येतील.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६०, कलम ११(१). 'एफ' म्हणजे अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, 'जी' म्हणजे कायम बांधलेल्या कुत्र्याला मोकळं न फिरवणं, 'एच' म्हणजे पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं. तुमच्या वर्णनात तिन्ही बसतात. शहर आणि मालक कोण ते लिहा.

निळा_पतंग (२:५५)
आणि शिक्षा किती, तेही सांगा ना काका. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड! कित्येक दशकांपूर्वीचे आकडे आजही तेच. कोण घाबरणार याला?

कडुनिंब (३:०५)
अकोला जिल्हा, तालुक्याचं गाव. नाव नको. इथे संस्था नाही, ॲम्ब्युलन्स नाही. आज पारा ४४ च्या पुढे आहे.

वऱ्हाडी_माणूस (३:१२)
ताई, पयले त्याले पानी पाजा, मंग कोर्टकचेरी करा. तुमचा स्लॅब लागून हाय काय? असन तं कठड्यावरून नळी सोडा. अन् स्टीलचं भांडं नका ठेवू, साखळी लागली का पालथं होते. सिमेंटचं कुंडं पाह्यजे, ढोरापाशी ठेवतात तसं. जड असते, हालत नाही.

कडुनिंब (३:२०)
लागूनच आहे, मधे कमरेएवढा कठडा. गेल्या आठवड्यात मी नळी सोडली होती. त्यांनी पाहिलं आणि बरंच बोलले. तेव्हापासून यजमान म्हणतात, तू वर जाऊ नकोस.

गुरांचा_डॉक्टर (३:४१)
मी पशुधन विकास अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. जीभ फिकट दिसते का? ओठाची कड वर झाली तर हिरडी गुलाबी आहे की पांढरट? फोनच्या कॅमेऱ्यानं मोठं करून पाहा. एवढ्या गोचिड्या म्हणजे गोचिडतापाची शंका घ्यावीच लागेल. त्यात रक्त कमी होतं, आणि असं जनावर उन्हाला लवकर बळी पडतं.

खायला देता आलं तर एकदम पोटभर देऊ नका. खूप दिवसांच्या उपाशी जनावराला अचानक भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि ते दगावू शकतं. मूठभर दहीभात, एखादं उकडलेलं अंडं, दिवसातून चार वेळा.

उन्हाळी_वाळवण (३:५०)
गोचिड्यांना तंबाखूचं पाणी मारा, आमचे आजोबा हेच करायचे. नाहीतर गुरांवर मारायचं औषध थोडं पातळ करून.

गुरांचा_डॉक्टर (३:५४)
कृपा करून हे करू नका. कुत्रा अंग चाटतो, विष पोटात जातं. इतक्या अशक्त कुत्र्यावर गुरांचं औषध म्हणजे उरलेलंही संपवणं.

देशी_श्वानप्रेमी (४:०२)
जात कुठली? जर्मन शेफर्ड असेल तर मुळात वऱ्हाडात ही जात पाळायलाच नको. आपली गावठी कुत्री बघा, या उन्हात वाढलेली. नाहीतर निदान अंगावरचे केस तरी पूर्ण काढून टाका.

गुरांचा_डॉक्टर (४:०९)
केस सरसकट भादरू नका. त्यानं कातडी उघडी पडते आणि भाजते. सावली द्या, पाणी द्या. आणि जातीवर वेगळा धागा काढा, इथे जीव अडकलाय.

मोकाट_प्रश्न (४:३०)
सगळ्याचं मूळ मोकाट कुत्र्यांवर काही होत नाही यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीत सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, २२ ऑगस्टला तो आदेश सौम्य केला. आमच्या कॉलनीत लहान मुलांना...

चैत्रपालवी (४:३४)
तुमच्या मुलांची काळजी समजते, पण हा मोकाट कुत्रा नाही. घरातला आहे, साखळीला आहे.

वकीलकाका (५:१५)
कडुनिंब, एक गोष्ट मला सारखी खटकतेय. शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या तक्रारीला पोलीस "घरगुती" कशाला म्हणतील? तुमचं काहीतरी सांगायचं राहिलंय.

कडुनिंब (५:५२)
शेजारी म्हणजे माझे चुलत दीर. सासरे आणि काकासासरे यांची घरं एकाच भिंतीला. वाटणीचा दावा सहा वर्षांपासून कोर्टात आहे. कुत्र्याशी त्याचा काय संबंध, म्हणून लिहिलं नव्हतं.

हा कुत्रा, शेरू, काकांचा, म्हणजे काकासासऱ्यांचा. काका होते तोवर रोज पहाटे नदीपर्यंत फिरायला जायचा, संध्याकाळी त्यांच्या खाटेखाली झोपायचा. दिवाळीनंतर काका गेले. तेराव्यापर्यंत तो अंगणात होता, मग वर गेला. तेव्हापासून खाली आलेला नाही.

जीभ पाहिली डॉक्टर. पांढरट आहे.

वकीलकाका (६:२०)
संबंध सगळा इथेच आहे ताई. ठाणेदाराला कुत्रा दिसतच नाही, भिंतीचा दावा दिसतो. तुम्ही काहीही लिहून दिलंत तरी ते सूडबुद्धीनं दिलंय असं धरलं जाणार. शिवाय 'एफ', 'जी', 'एच' हे अदखलपात्र गुन्हे आहेत. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद करून पोलीस तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगू शकतात, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. त्यांच्या हातात एक गोष्ट मात्र आहे: कलम ३४. गुन्हा होतोय असं मानायला कारण असेल तर शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी हजर करू शकतो. त्यासाठी तक्रार तिसऱ्या माणसानं द्यावी. तुमच्या यजमानांनीही नाही.

तक्रारीची प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या. आणि या कायद्याखाली खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांतच भरावा लागतो. फोटो आजपासून रोज काढा, तारीख-वेळेसह, तुमच्याच स्लॅबवरून.

निळा_पतंग (६:३१)
हे सगळं होईपर्यंत शेरू राहील का? डॉक्टरांनी आत्ता सांगितलं ना, रक्त नाही त्याच्या अंगात.

वकीलकाका (६:३५)
आणि तुमच्या सल्ल्यानं ताईंवर गुन्हा लागला तर तो दावा आणखी दहा वर्षं चालेल. मी चाळीस वर्षं भाऊबंदकी पाहतोय.

गुरांचा_डॉक्टर (७:०५)
दोघंही थांबा. मी नोकरीत असताना असं एक जनावर सोडवलं होतं, एकही कलम न लावता. त्या घरात ज्याचं ऐकतात असं माणूस शोधलं. बहुतेक वेळा ते घरातलं म्हातारं माणूस असतं. कडुनिंब, त्या घरात तुमच्या घरच्या कोणाशीच कोणी बोलत नाही का?

कडुनिंब (७:३०)
पुरुष कोणी बोलत नाहीत. सासूबाई आणि काकू बोलतात. कोर्टाची तारीख असली तरी बोलतात. आता कुरडयांचे दिवस आहेत, काकू रोज सकाळी त्याच स्लॅबवर वाळवण घालायला येतात, शेरूपासून चार हातांवर. त्या त्याच्याकडे पाठ करून बसतात. मला त्यांचा फार राग येतो, खरं सांगते.

वऱ्हाडी_माणूस (७:४१)
राग नका धरू. नवऱ्याचा कुत्रा हाय तो. पाह्यलं का त्याहिची आठवन येत असन म्हातारीले.

गुरांचा_डॉक्टर (७:४४)
सासूबाईंना पाठवा. तक्रार नको, कायदा नको. "शेरू आजारी दिसतो, अकोल्याला दाखवून आणू का?" एवढंच. पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था अकोल्यातच आहे, तिथे उपचार होतील. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सोबत आले तर उत्तम, माझं नाव न सांगता त्यांना सगळी परिस्थिती सांगा.

वकीलकाका (७:५८)
हे चांगलं. आणि हो म्हणाले तर कागद घ्या. दोन ओळी पुरेत: कुत्रा स्वखुशीनं देत आहे, यापुढे त्यावर माझा हक्क राहणार नाही. सही, तारीख, दोन साक्षीदार, दोन्ही घरांबाहेरचे. कागद नसेल तर जनावर न्यायचं नाही.

चैत्रपालवी (८:१५)
म्हणजे ज्यानं सहा महिने उपाशी ठेवलं त्याला काहीच नाही? दुसरा कुत्रा आणेल तो. मला हे पटत नाही. कोर्टात दोषी ठरला तर कलम २९ खाली मालकी काढून घेता येते, मग तेच करायला हवं ना?

वकीलकाका (८:२२)
दोषी ठरल्यावर. तो दिवस शेरूनं पाहायला हवा.

कडुनिंब (६ मे, सकाळी ११:३५)
सासूबाई आज काकूंना कुरडया घालायला मदत करायच्या निमित्तानं गेल्या. मी आमच्या बाजूनं कठड्यापाशी होते. बराच वेळ दोघी गप्पच होत्या, चीक उकरून साच्यात भरत होत्या. मग सासूबाईंनी विचारलं. काकूंनी हातातला साचा खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि शेरूकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच इतक्या जवळून. "ह्यांच्या मागं मला त्याच्याकडं पाहवत नाही गं," म्हणाल्या. मग रडायला लागल्या. शेरूनं शेपटी हलवली, जागेवरून उठता आलं नाही त्याला.

दीर संध्याकाळी घरी येतात. काकू बोलणार आहेत. पाण्याचं कुंडं ठेवलंय. तो आठ-दहा मिनिटं पीतच होता.

निळा_पतंग (११:४१)
पाणी थोडं थोडं द्या. मी कालचं उगीच तोडून बोललो, पण आमच्याकडे असाच एक गेला होता, म्हणून.

कडुनिंब (७ मे, रात्री ९:५०)
दीरांनी कागद दिला. अट घातली की फोटो दाव्यात वापरायचे नाहीत. यजमानांनी कबूल केलं. साक्षीदार म्हणून किराणावाले आणि दवाखान्यातले डॉक्टर. चैत्रपालवीताई, तुमचा राग मला समजतो, मलाही आहे. पण आता मी तक्रार देणार नाही. दिलेला शब्द मोडला तर काकू पुन्हा आमच्या दारात येणार नाहीत.

गळ्यातला पट्टा कातडीत रुतला होता. डॉक्टरांनी तो कात्रीनं कापून काढला, आत अळ्या होत्या. शेरूनं हूं की चूं केलं नाही.

आज त्याला अकोल्याला नेलं. गोचिडताप आहे. हिमोग्लोबिन ३.८. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल, दुसऱ्या कुत्र्याचं. उद्या सकाळीच. अकोल्यात मी कोणालाच ओळखत नाही. कोणाकडे मोठा कुत्रा आहे का?

गुरांचा_डॉक्टर (९:५८)
निरोगी कुत्र्याचं हिमोग्लोबिन साधारण १२ ते १८ असतं, त्यावरून पाहा. रक्त देणारा २५ किलोच्या वर हवा, वय एक ते आठ वर्षं, लसीकरण पूर्ण, गोचिड्या नकोत. मादी असेल तर कधी व्यायलेली नसावी. आधी त्याचंही रक्त तपासतील.

चैत्रपालवी (१०:०४)
मी पुण्यात आहे, काहीच करता येत नाही. औषधांना पैसे लागले तर लगेच कळवा.

निळा_पतंग (१०:०६)
मी अकोल्यातच राहतो. माझी लॅब्रेडोर कुत्री ३१ किलोची आहे, चार वर्षांची, लसी सगळ्या झाल्यात, कधी व्यायली नाही. संस्थेच्या फाटकापाशी किती वाजता येऊ?

कडुनिंब (१०:०७)
साडेआठ. मी हिरव्या साडीत असेन, सोबत काकू आहेत.