मदत हवी आहे: पोर्ट नंबरवरून सर्व्हिस शोधायला ऑफलाइन टूल

नमस्कार मंडळी,

मस्जिद बंदर आणि काळबादेवीतल्या छोट्या पेढ्यांची नेटवर्कं मी सांभाळतो. चारपाच कॉम्प्युटर, टॅलीचं मशीन, प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर, एवढाच पसारा. इमारती जुन्या. मुख्य मशीन बहुतेक वेळा पोटमाळ्यावर, आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. त्यात नेट बंद पडलंय म्हणूनच मला बोलावलेलं असतं, त्यामुळे वेबसाइटवर पोर्ट नंबर (मशीनवरची एखादी सर्व्हिस नेटवर्कवर ज्या आकड्यावर ऐकत असते तो) टाकून बघायचा प्रश्नच येत नाही.

मला हवंय ते एवढंच: नंबर टाकला की सर्व्हिसचं नाव, टीसीपी की यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती), आणि त्याखाली मी लिहून ठेवलेली नोंद दिसावी. विंडोजवर चालावं, जमल्यास पेनड्राइव्हवरून.

नोंदीचा आग्रह का, ते सांगतो. माझ्याबरोबर एक शिकाऊ मुलगा असतो, हुशार आहे. त्याने एका मशीनचा स्कॅन घेतला, म्हणजे कुठले पोर्ट उघडे आहेत ते तपासलं, तर पडद्यावर ‘९०००/टीसीपी ओपन सीएसलिसनर’. नाव अनोळखी, म्हणून तो ते बंद करायलाच निघाला होता. ती टॅली होती, म्हणजे पेढीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. टॅली मूळ सेटिंगमध्ये ९००० वापरते, पण आयानाच्या, म्हणजे पोर्ट नंबरांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत त्या नंबरापुढे नाव सीएसलिसनरचं आहे. ८००० चंही तेच: यादीत आयआरडीएमआय, आमच्या पेढ्यांत डीव्हीआर. यादी बरोबरच आहे. पण १०२४ ते ४९१५१ मधला नंबर एकाच्या नावावर नोंदलेला असला तरी दुसऱ्या प्रोग्रॅमला तो वापरण्यापासून कोणी अडवत नाही. यादीतलं नाव म्हणजे फक्त अंदाज, हे शिकणाऱ्या मुलांना त्याच पडद्यावर दिसायला हवं असं मला फार वाटतं.

विंडोजच्या ‘ड्रायव्हर्स’मधल्या ‘ईटीसी’ फोल्डरात सर्व्हिसेस नावाची फाइल असते, पण तिच्यात नोंदी फारच कमी. आयानाची पूर्ण यादी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) उतरवून एक्सेलमध्ये उघडली, तर ८० शोधल्यावर ८०८० आणि १८० पण समोर येतात. उलट ६०१० शोधला तर एक्स-११ ही सर्व्हिस सापडतच नाही, कारण यादीत ते ‘६०००-६०६३’ असं एका ओळीत लिहिलंय.

कोणी असं काही वापरतं का?

घाटकोपरकर:
दादा, तुम्ही त्याच मशीनसमोर बसला असाल तर यादीकडे जाऊच नका. मायक्रोसॉफ्टचं टीसीपीव्ह्यू पेनड्राइव्हवर टाका, इन्स्टॉल करावं लागत नाही. कुठला प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर बसलाय ते नावासकट दिसतं. तेही नसेल तर ‘नेटस्टॅट -एएनओ’ द्या, शेवटच्या रकान्यातला पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) टास्क मॅनेजरमध्ये जुळवा.

रात्रपाळी:
वरचं बरोबर आहे, पण प्रिंटर आणि डीव्हीआरवर टीसीपीव्ह्यू चालवता येणार नाही. तिथे एनमॅपच लागेल, म्हणजे दुसऱ्या मशीनचे पोर्ट नेटवर्कवरून स्कॅन करणारं टूल. नुसता स्कॅन घेतला की एनमॅप नंबर बघून आपल्या ‘एनमॅप-सर्व्हिसेस’ फाइलीतलं नाव छापतं, पलीकडे काय चाललंय ते विचारत नाही. ‘-एसव्ही’ लावलं की प्रत्यक्ष सर्व्हिसशी बोलून ओळखायचा प्रयत्न करतं. मुलाला आधी हा फरक दाखवा.

एक सावधगिरी. ‘-एसव्ही’ मध्ये ९१०० हा पोर्ट मुद्दाम वगळलेला असतो, कारण काही प्रिंटर त्या पोर्टवर जे येईल ते कागदावर छापत सुटतात. ‘ऑलपोर्ट्स’ लावून तो अडथळा काढू नका.

‘एनमॅप-सर्व्हिसेस’ फाइलीची प्रत करून तिच्यात आपली नावं घालता येतात आणि ‘सर्व्हिसडीबी’ या पर्यायाने ती वापरता येते. मात्र त्याने आपोआप फास्ट स्कॅन होतो, कमी पोर्ट तपासले जातात. पूर्ण स्कॅन वेगळा घ्या.

धागालेखक:
दोघांचे मनापासून आभार. टीसीपीव्ह्यू आजच पेनड्राइव्हवर टाकतो. ९१०० चं तर आमच्या प्रत्येक पेढीत कामाचं आहे. पण एनमॅपच्या फाइलीत नाव बदललं तर आयानाचं नाव जातं. मला दोन्ही शेजारी-शेजारी हवी आहेत.

रात्रपाळी:
मग विंडोजमधलं कमांड आणि स्क्रिप्ट चालवायचं पॉवरशेलच बरं. ‘इम्पोर्ट-सीएसव्ही’ने आयानाची फाइल वाचा आणि ‘पोर्ट नंबर’चा रकाना ‘-ईक्यू’ने (तंतोतंत सारखं आहे का ते बघणारा) ताडून बघा, म्हणजे ८० ला ८०च मिळेल. ज्या ओळीत आडवी रेघ असेल तिथे आकडा तोडून दोन्ही टोकांच्या मध्ये येतो का बघायचं. तुमच्या नोंदी दुसऱ्या सीएसव्हीत ठेवा, यादी नव्याने उतरवली तरी त्यांना धक्का लागणार नाही. मराठीत लिहिणार असाल तर ती फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) सेव्ह करा आणि वाचताना ‘-एन्कोडिंग यूटीएफ८’ द्या. अडलं तर स्क्रिप्ट इथेच टाका, बघतो.