विषय: ब्लॉक हीटर जळला का?

एडमंटनहून:
काका, नमस्कार. इथे कॅनडात थंडीत इंजिन उबदार ठेवायला गाडीत विजेचा ब्लॉक हीटर असतो. तो रात्रभर लावूनही सकाळी इंजिन गारठलेलंच. गॅरेजवाला म्हणतो, हीटर बदला. प्लगच्या दोन चपट्या पिनांना मल्टिमीटर लावला तर नुसतं ‘ओएल’. म्हणजे जळलाच ना?

इंदूरहून:
अरे भिया, घाई कशाची? लोकमान्यनगरात गीझरची एलिमेंटं मी अशीच तपासून देतो. ओएल म्हणजे वाट कुठेतरी तुटली, एवढंच. कुठे, ते तू शोधायचं.

आधी हीटरचे वॉट बघ. तुमच्याकडे 120 व्होल्ट, म्हणून हीटरचा रोध म्हणजे 120 चा वर्ग भागिले वॉट. 400 वॉटला 36 ओहम, 600 ला 24. आमच्या 230 व्होल्टचा हिशोब तिकडे लावू नकोस. मीटर 200 ओहमवर ठेव, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकव आणि जो पाव-अर्धा ओहम दिसेल तो वजा कर.

आता प्लग भिंतीतून काढलेला आणि इंजिन थंड असताना वायर हीटरपासून सोडव. हीटरच्याच पिनांवर 36 च्या आसपास आलं की हीटर ठणठणीत, दोष वायरीत. मग वायरीची एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत बघ, वाकवत वाकवत. प्लगच्या मुळाशी तार आतून तुटते आणि वरचं रबर नवं कोरं दिसतं.

गोल पिन, म्हणजे अर्थिंगची, आणि चपट्या पिनांमध्ये मात्र ओएलच हवं. तिथे आकडा दिसला तर गाडीच्या बॉडीत करंट उतरू शकतो, मग अजिबात लावायचा नाही. अर्थात मल्टिमीटरचं व्होल्टेज जेमतेम, बारीक गळती त्याला कळत नाही. प्लग लावताच सॉकेट ट्रिप झालं, तर मीटरपेक्षा त्यावर विश्वास ठेव.

विनिपेगहून:
काकांचं सगळं पटलं. फक्त, दादा, गाडी तपासली कुठे? उबदार गॅरेजात? काही गाड्यांच्या, विशेषतः डिझेल पिकअपच्या वायरीतच थर्मोस्टॅट असतो. उणे 18 च्या आसपास पारा उतरल्याशिवाय तो जोडतच नाही. चांगली वायरसुद्धा घरात ओएल दाखवणार.

एडमंटनहून:
गॅरेजातच होती! हीटर सुटा केला, 35.8 आला. वायर उणे 27 मध्ये रात्रभर बाहेर टांगली आणि सकाळी तिथेच मोजली. एक तार अजून ओएल, प्लगपाशी वाकवली की क्षणभर आकडा येतो.

इंदूरहून:
मग झालं की. नवी वायर घेताना जुनी बरोबर ने, हीटरकडचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आणि त्या गॅरेजवाल्याला बिल करू देऊ नकोस.