परदेशी निधी संपतोय, वहीतल्या ४१ पेशंटचं काय करू?

गोवंडीची_ताई
नमस्कार. मी बैंगनवाडीच्या बाजूला राहते. सहा वर्षं एका संस्थेत टीबीचं वस्तीकाम करतेय. पैसा बाहेरच्या देशातून यायचा, तो या मार्चअखेर थांबतोय. सरांनी मीटिंग बोलावली आणि समोसे मागवले. एरवी आमचं बिस्किटावर भागतं, त्यामुळे समोसे दिसले तेव्हाच मी काय ते समजले.

नोकरीचं बघू. पूर्वी चार घरची पोळीभाजी केलीय, परत धरीन. माझा प्रश्न वेगळा आहे. वहीत आत्ता ४१ जण आहेत, त्यातले ९ एमडीआरचे, म्हणजे नेहमीच्या टीबीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे. औषध सरकारी सेंटरवर फुकट मिळतं, ते चालूच राहणार. पण सेंटरवरून निघालेली गोळी पोटात जाईपर्यंत मधे बरंच काही असतं. एक जरीकाम करणारा पोरगा आहे. सेठला कळलं तर काढून टाकेल म्हणून गोळ्या कारखान्यात ठेवत नाही. पाकीट माझ्याकडे असतं, रात्री दारात येऊन घेतो. एक सूनबाई सासूला सांगते, रक्त वाढायच्या गोळ्या आहेत. एक चाचा दर ईदला गोंड्याला गावी जातात. आधी सेंटरवर बोलून औषध बांधून दिलं नाही, तर तिकडेच कोर्स सुटतो.

ऑफिसने शेवटचा रिपोर्ट मागितलाय. त्यात रकाना एकच, "लाभार्थी संख्या". मी ४१ लिहिलं आणि पेन ठेवलं.

आमच्यातल्या चौघी म्हणतात, आपणच संस्था काढू आणि दुसरा परदेशी देणगीदार शोधू. कोणी यातून गेलंय का?

हिशेबनीस_दादर
ताई, मी संस्थांचे देणग्यांचे हिशेब बघतो. संस्था काढा, पण परदेशी पैशाची आशा त्यावर ठेवू नका. बाहेरचा पैसा घ्यायला एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती हवी तर संस्था किमान ३ वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च झालेले दाखवावे लागतात. पूर्वी मोठी संस्था बाहेरून पैसा घ्यायची आणि वस्तीतल्या लहान संस्थांना पुढे द्यायची. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली.

आणि सगळ्या जगातच हात आखडलेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली आणि जुलैपर्यंत ही मदत वाटणारं त्यांचं खातं, यूएसएड, तेच गुंडाळलं. तुमचा पैसा त्यांचा नसला, तरी त्यांच्याकडचा पैसा आटलेल्या सगळ्या संस्था आता उरलेल्या देणगीदारांच्या दारात रांग लावून आहेत.

स्पष्टवक्ता
पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर. त्यात एका ताईचा पगार बसत नाही म्हणजे कमाल आहे. हवेत कशाला बाहेरचे पैसे?

बरा_झालेला
कशाला म्हणजे? मी एमडीआर काढलाय. दोन वर्षं गोळ्या, त्यातले पहिले काही महिने रोज इंजेक्शन. डाव्या कानाला आजही कमी ऐकू येतं. नंतर बेडाक्विलीन हे एमडीआरचं नवं औषध आलं. २०१६ साली ते भारतात पहिल्यांदा आलं ते परदेशी मदतीतून, दान म्हणून. आता बऱ्याच जणांना इंजेक्शनशिवाय ६ महिन्यांचा कोर्स मिळतो. मला तो मिळाला असता तर तुमचं स्पष्ट बोलणं दोन्ही कानांनी ऐकलं असतं.

आजी_परळ
अगं ताई, माझं ऐक. मी हेल्थ पोस्टला, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात, आरोग्य सेविका होते, आता निवृत्त. ही हेल्थ पोस्टंसुद्धा अशाच पैशातून वाढली. १९८८ ला वर्ल्ड बँकेचा लोकसंख्या प्रकल्प मुंबई आणि मद्रासला आला. डॉक्टर, नर्स आणि आमच्यासारख्या वस्तीतल्या बाया. नव्वदच्या दशकात प्रकल्प गेला. दवाखाने राहिले, कारण तोवर त्यांची नावं पालिकेच्या कागदावर चढली होती.

स्पष्टवक्ते दादा, पगार बजेटात बसतो, पण आधी पद मंजूर व्हावं लागतं. मार्चपर्यंत ते होत नाही. म्हणून आता माणसं सोपव. सगळ्यांचे निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचे नंबर, वहीत आहेत ना? जवळच्या हेल्थ पोस्टची सेविका गाठ. तिला नुसती यादी देऊ नकोस, बरोबर घेऊन घरोघर जा. पेशंटला आधी विचार, ही बाई आली तर चालेल का. चहा तुला देतील, तो तिच्या हातात दे. एमडीआरचे नऊ आधी. सरकारकडून टीबी पेशंटला मिळणारे पोषणाचे महिना १००० रुपये कोणाच्या खात्यात येत नाहीत तेही जाताजाता बघ, खातं नाही म्हणून कितीतरी जणांचे अडकतात. आणि त्या सूनबाईचं गुपित कागदावर लिहू नकोस. तिची परवानगी घेऊन तोंडी सांग.

हिशेबनीस_दादर
आजींचं बरोबर. वही ऑफिसात जमा होण्याआधी हे उरका. जमा झालेली वही कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे कोणालाच माहीत नसतं.

गोवंडीची_ताई
आजी, तीन आठवड्यांनी लिहितेय. सेविका चांगली मिळाली, चेंबूरहून येते, जिने चढताना दम लागतो पण थांबत नाही. २६ घरं झाली, नऊही झाले. दोन घरांनी तिला नको म्हटलं. चाचांनी तर तिचा नंबर स्वतः मागून घेतला. सूनबाईने तिला मावशी म्हणून सासूसमोर बसवलं, आता मावशीच गोळ्या आणते.

जरीवाल्याचं मात्र जमत नाही. सेविकेची ड्युटी दुपारी संपते, हा सुटतो रात्री दहाला. चार घरची कामं मी एक तारखेपासून धरलीत, पण दहाला घरीच असते. त्याचं पाकीट अजून माझ्याच फळीवर आहे, तांदळाच्या डब्यामागे. प्रकल्प बंद होतोय हे त्याला सांगितलंच नाही.