टॉम क्रूझचं अनधिकृत चरित्र वाचनगटात घ्यावं का? सल्ला हवा

वाघूरकाठ (भुसावळ)
नमस्कार मंडळी. आमचा भुसावळात छोटा वाचनगट आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले काहीजण, आम्ही शिक्षिका आणि कॉलेजची दोन-तीन मुलं. या खेपेला मुलांनी अँड्र्यू मॉर्टन यांनी २००८ मध्ये लिहिलेलं टॉम क्रूझचं चरित्र सुचवलं. पुस्तकात सिनेमापेक्षा सायंटॉलॉजीच जास्त आहे. हा पंथ एल. रॉन हबर्ड या लेखकाने काढला आणि क्रूझ त्यातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस.

निम्म्या जणांनी वाचून झालंय आणि गटात दोन तट पडलेत. मुलांना ते सोडवेना. एक काकू म्हणाल्या, "ज्याचं चरित्र त्याचीच परवानगी नाही, मग या चहाड्याच की." आमच्यातले आप्पा तर दुखावले. त्यांच्या घरी आपल्याकडच्या एका पंथाची परंपरा आहे. त्यांचं म्हणणं, बाहेरच्याने कुणाच्या श्रद्धेची अशी चिरफाड करू नये. मला मुलांची उत्सुकता पटते आणि आप्पांचं दुखावणंही कळतं. हेच पुस्तक ठेवावं की याच विषयावरचं दुसरं घ्यावं? आणि कुणाचं मन न मोडता चर्चा कशी घडवावी? वाचलेल्यांनी सांगा.

पांझरा (धुळे)
ताई, मी ते सांगस, वाची ल्या. न वाचता भांडण्यापेक्षा वाचून भांडलेलं बरं.

गिरणाकाठ (भडगाव)
वाघूरकाठ ताई, 'अनधिकृत' या शिक्क्यावरून पुस्तक खरं की खोटं ते ठरत नाही. याच मॉर्टन यांचं १९९२ चं राजकुमारी डायनावरचं पुस्तक घ्या. तेव्हा पुष्कळांनी ते कुचाळक्या म्हणून झिडकारलं. १९९७ मध्ये डायना गेल्या आणि मग उघड झालं की त्यांनी स्वतःच आपलं म्हणणं टेपवर बोलून एका मित्राच्या हातून मॉर्टनपर्यंत पोचवलं होतं. म्हणजे वरून परवानगी नव्हती, पण बोलणारी व्यक्ती तीच होती.

क्रूझच्या पुस्तकाचं तसं नाही. इथे क्रूझ बोललेला नाही, त्याच्या घरचे आतल्या गोष्टी सांगत नाहीत. बराच मजकूर पंथ सोडून गेलेल्यांचा, जुन्या ओळखीच्यांचा आणि काही ठिकाणी नाव न दिलेल्यांचा आहे. त्याच्या मुलीच्या जन्माबद्दल त्यात एक अफवा आलीय, ती मी इथे लिहिणारसुद्धा नाही. त्या लेकराचा काय दोष? तो भाग वाचताना मला मनापासून राग आला. पंथाने पुस्तक येताच १५ पानी उत्तर काढून आरोप फेटाळले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर बदनामीच्या कायद्याच्या धास्तीने ते तेव्हा छापलंच गेलं नाही. आता यावरून 'सगळं खोटं' असा अर्थ निघत नाही आणि 'दडपलं म्हणजे खरंच' असाही निघत नाही.

मला यात आपले म्हाइंभट आठवतात. तेराव्या शतकाच्या शेवटी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना ते ज्याने पाहिलं, ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारत होते. एकच लीळा दोघांनी वेगळी सांगितली तर तो फरकही पोथ्यांत नोंदलेला सापडतो. ते स्वतः पंथाचे, श्रद्धेने भारलेले, तरी कुणी सांगितलं ते पुसून टाकलं नाही. आपल्याकडे, खानदेशात महानुभावांची घरं बरीच आहेत. तुमचे आप्पा त्यातलेच असतील तर त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. त्यांनाच सांगा, मॉर्टनचं एक प्रकरण घ्या आणि प्रत्येक दाव्यापुढे समासात लिहा: स्वतः पाहिलेलं, ऐकीव, की निनावी. काही पानांपुढे 'निनावी'च भरपूर होतील. पण काही पानं टिकतील, आणि तीही मान्य करावी लागतील.

काळा कोट (जळगाव)
काकूंच्या परवानगीच्या मुद्द्यावर थोडं कायद्याचं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल खटल्यात हे बऱ्यापैकी स्पष्ट केलंय. तामिळनाडूतल्या एका साप्ताहिकाला खुनांबद्दल तुरुंगात असलेल्या ऑटो शंकरची जीवनकथा छापायची होती. न्यायालयाने सांगितलं, सार्वजनिक नोंदींत जे आहे तेवढं संमतीशिवाय छापता येतं. त्यापलीकडे जाऊन कुणाचं घर, लग्न, मुलंबाळं यांत शिरलात तर खासगीपणाचा भंग होऊ शकतो आणि परिणाम भोगावे लागतील. त्यामुळे परवानगी नाही म्हणून पुस्तक आपोआप वाईट ठरत नाही. रेष ओलांडली कुठे, ते पानापानाला बघायचं.

अमळनेरकर
मी सरळ दुसरं पुस्तक सुचवतो: लॉरेन्स राईट यांचं 'गोइंग क्लिअर', २०१३. विषय तोच आहे, क्रूझही त्यात आहे, पण बैठक वेगळी. त्याचं मूळ २०११ मधल्या 'न्यूयॉर्कर'च्या लेखात आहे. दिग्दर्शक पॉल हॅगिस यांनी तीसेक वर्षांनी पंथ सोडला, त्यावरचा तो लेख. छापण्याआधी त्या साप्ताहिकाच्या तपासनिसांनी पंथाला ९७१ प्रश्न पाठवले. पंथाची माणसं वकिलांसह साप्ताहिकाच्या कचेरीत आली, सोबत ४८ जाडजूड फायली! हबर्ड महायुद्धात जखमी झाले आणि स्वतःच्या उपायांनी बरे झाले, हा पंथाच्या कथेचा पाया. राईट यांनी नौदलाची कागदपत्रं काढून ती कथा तपासली आणि कागद तिला दुजोरा देत नाहीत हे दाखवलं.

मला सगळ्यात भावलं ते असं, की पंथाने किंवा क्रूझच्या वकिलांनी एखादी गोष्ट नाकारली असेल तर तो नकार त्याच पानाखाली तळटीपेत दिलाय. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. आप्पांसारख्या वाचकाचा हा मान आहे असं मी मानतो. ब्रिटिश प्रकाशकाने याही पुस्तकातून अंग काढून घेतलं होतं, हे लक्षात घ्या.

सातपुडा (शहादा)
माझं म्हणणं जरा वेगळं आहे. इथे सगळे पुरावा-पुरावा करताहेत, पण आप्पांचा प्रश्न पुराव्याचा नाहीच. त्यांना वाटतंय, आज लोक सायंटॉलॉजीला हसतात, उद्या आमच्या पंथाला हसतील. ही भीती खरी आहे आणि गटाने ती आधी ऐकून घ्यावी.

हा 'धर्म' आहे की नाही, यावर सरकारांचंही एकमत नाही. अमेरिकेने १९९३ मध्ये त्याला करमाफी दिली. जर्मनीत त्यावर गुप्तचर खात्याची नजर राहिली. फ्रान्समध्ये २००९ साली फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, एका जोडप्याला तिथे लग्न करायचं होतं म्हणून, सायंटॉलॉजीचं लंडनमधलं मंदिर हे उपासनेचं स्थळ असल्याचं मान्य केलं. चर्चेची सुरुवात इथून करा. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच बोलून ठेवा: त्यांच्या परग्रहांच्या कथांवर हसायचं नाही. कुठल्याही पंथाची कथा बाहेरच्याला अचाटच वाटते. प्रश्न विचारायचे ते पैशाबद्दल, सोडून जाणाऱ्यांशी घरच्यांचं बोलणं तुटतं त्याबद्दल, मुलांकडून करून घेतल्या जाणाऱ्या कामाच्या आरोपांबद्दल. हे प्रश्न आपल्या मठांना, आश्रमांनाही तितकेच लागू आहेत, आणि ते तसे विचारले तर आप्पा स्वतः पुढे होऊन बोलतील.

वाघूरकाठ (भुसावळ)
सातपुडा, तुम्ही आप्पांना न भेटता ओळखलंत. काल फोनवर ते जवळजवळ हेच बोलले. अमळनेरकर, पुस्तक फार जाड आहे आणि आमच्यातल्या काहींना इंग्रजी जड जातं. काय करावं?

अमळनेरकर
पूर्ण लावू नका. पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला हबर्ड यांचा, दुसरा हॉलिवूडचा. पहिल्यातली सुरुवातीची प्रकरणं आणि दुसऱ्यातली क्रूझची, एवढ्यावर बैठक होते. मुलांनी वाचून मराठीत सांगावं, मोठ्यांनी मधे मधे अडवून विचारावं. आमच्याकडे इंग्रजी पुस्तकांना हेच करतो. सांगणाऱ्याला नीट समजावंच लागतं.

तापी_पूर्णा (मुक्ताईनगर)
बाईचा आवाज हवा असेल तर लिआ रेमिनी या अभिनेत्रीचं २०१५ चं 'ट्रबलमेकर' वाचा. लहानपणी आईबरोबर पंथात आली, २०१३ मध्ये बाहेर पडली. २००६ मध्ये इटलीत क्रूझचं लग्न झालं तेव्हा ती तिथे पाहुणी होती, म्हणजे मॉर्टनकडे जे ऐकीव आहे त्यातलं काही हिने डोळ्यांनी बघितलंय. भाषा एकदम सोपी. हिचं म्हणणंही पंथाने फेटाळलंय, आणि सोडून आलेल्या माणसाच्या मनात जखम असते, तेवढं धरून वाचावं. तरी आई-मुलीचं नातं त्यात जे आलंय, त्यासाठी मी ते कुणालाही देईन.

गिरणाकाठ (भडगाव)
अनधिकृत चरित्र चांगलं कसं असतं ते मुलांना दाखवायचं असेल तर रसेल मिलर यांचं हबर्डवरचं 'बेअर-फेस्ड मसायाह', १९८७. हबर्ड यांच्या अप्रकाशित पत्रांवरून कॉपीराइटचे खटले झाले, तरी पुस्तक आलं. पंथाची कथा आणि सरकारी नोंद समोरासमोर ठेवण्याची रीत त्यात फार सुंदर आहे. अमळनेरकरांशी सहमत, एकच निवडायचं तर राईट. पण मॉर्टन टाकून देऊ नका, तुलनेला एक प्रकरण ठेवाच.

पांझरा (धुळे)
हां, हे पटलं. दोन्ही शेजारी ठेवा.

वाघूरकाठ (भुसावळ)
सगळ्यांचे मनापासून आभार. आज आप्पांकडे जाऊन बोलले. राईट यांची पाच प्रकरणं आणि मॉर्टन यांचं एक, असं ठरलंय. समासात नोंदी करायचं काम मुलांनी आनंदाने घेतलं. मॉर्टनच्या प्रकरणातलं मुलीबद्दलचं काही वाचायचं नाही, हे काकूंनी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. पंथाची बाजू आप्पा मांडणार आहेत. त्यासाठी ते १५ पानी उत्तर त्यांना मुलं छापून देतील. त्यांची अट एवढीच, की मधे कुणी तोडायचं नाही.

बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सातनंतर. त्याआधी भुसावळच्या उन्हात कुणाला बोलवणार? जळगाव-भडगावकडून कुणी येत असाल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. परतीच्या गाडीची वेळ बघून आधी तुमचं बोलणं घेऊ.