स्टीलच्या झाकणावरची यूव्ही प्रिंट सुटतेय, मदत हवी (तातडीची)

शहापूरकर: यूव्ही प्रिंटिंगचं मशीन (दिव्याच्या अतिनील उजेडानं शाई घट्ट करणारं) चार महिन्यांचं आहे. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर नाव मारलं की दिसायला एक नंबर, पण दुसऱ्या दिवशी नख लावलं की रंगाखालच्या पांढऱ्या थरासकट पापुद्रा निघतो. निपाणीच्या लग्नाचे २०० डबे शुक्रवारी द्यायचेत. शाई खराब आहे का? लवकर सांगा.

खानापूरवाला: दिवा एलईडी की मर्क्युरी? प्रायमर (शाई धरून ठेवणारं अस्तर) मारता का? झाकणं कशानं पुसता? काहीच लिहिलं नाही, काय सांगायचं?

शहापूरकर: एलईडी. ॲक्रिलिकवर हीच शाई घट्ट बसते, म्हणून बाकीचं लिहिलं नाही.

उद्यमबाग_वर्कशॉप: स्टीलला लेझरच मारा. आमच्या पंपांच्या नेमप्लेटी तेलात राहूनही अक्षर तसंच आहे.

शहापूरकर: गिऱ्हाइकाला रंगीत गणपती पाहिजे हो.

निपाणीचा_प्रिंटर: दिवा १०० टक्क्यांवर ठेवा, दोनदा फिरवा.

खानापूरवाला: तसं करू नका. ही शाई वाळत नाही. तिच्यातला फोटोइनिशिएटर (उजेडानं जागं होणारं रसायन) ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड घेतो, पातळ रेणू एकमेकांत गुंफतात आणि क्षणात प्लास्टिक होतं. होताना ते आकसतं. जास्त भाजलं तर ताठ होऊन कड उचलतं. ॲक्रिलिकमध्ये शाई जराशी मुरते, स्टीलमध्ये मुरायला जागाच नाही. त्यात पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड उजेड अडवतो. जाड थर मारला की वरून कडक, तळाला कच्चा.

निपाणीचा_प्रिंटर: कच्चा राहतो म्हणूनच दिवा वाढवा म्हणूलोय की!

खानापूरवाला: दिवा नको, थर पातळ करा. चकचकीत स्टीलवरून उजेड उलटून हेडवर (शाईचे थेंब सोडणाऱ्या भागावर) येतो, नोझलमध्येच शाई घट्ट झाली तर खर्च कोण देणार?

चिकोडीकर: अक्षरं फुटत असतील तर आधी कर्व्ह करून (फॉन्टचे नुसते आकार बनवून) घ्या.

शहापूरकर: अक्षरं फुटत नाहीत. प्रायमर नाही मारत, झाकणं साबणाच्या पाण्यानं पुसतो.

खानापूरवाला: तिथंच घोळ! बफिंगचं (स्टील चकचकीत करतानाचं) मेण साबणानं पुरतं जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दर चार-पाच झाकणांना कापड बदला. मग धातूचा प्रायमर अगदी पातळ. आधी एकच झाकण करा, २४ तास थांबा, ब्लेडनं बारीक चौकटी पाडून टेप दाबा आणि झटक्यात ओढा. हातमोजे घालाच, कच्च्या शाईनं कातडीला ॲलर्जी होते. आणि झाकणाच्या आतून कुणी कितीही मागितलं तरी मारू नका, तिथं अन्न लागतं.

शहापूरकर: (दुसऱ्या दिवशी) दोन झाकणांवर टेप ओढली. बिनप्रायमरच्या झाकणाचा गणपती अख्खा टेपला आला. प्रायमरवाल्याची एकही चौकट हलली नाही, फक्त झाकण वळतं तिथं अक्षर पसरलंय.

खानापूरवाला: तिथं झाकण हेडपासून खाली जातं, थेंब भरकटतो. डिझाईन कडेपासून आत घ्या.

शहापूरकर: घेतलं. आज रात्री पुसायला बसतोय.