आकाशवाणीच्या स्वरचाचणीची तयारी घरी कशी करायची?

लघुलहरी:
सकाळी ७.०५ च्या प्रादेशिक बातम्या लागल्या की दप्तर भरायचं, सुधा नरवणे यांचा आवाज कानात बसलेला, अशा पिढीचा प्रश्न आहे. जवळच्या केंद्रानं नैमित्तिक उद्घोषकांसाठी अर्ज मागवलेत. फोनवर रेकॉर्ड केलं की 'प' आणि 'भ' फुटतात, बोलणं वाचल्यासारखं वाटतं. तिथे नक्की काय तपासतात?

मीडियमवेव्ह५५८:
आधी लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी. भारदस्त आवाजाची अट नाही, तो गैरसमज आहे. माणसं पडतात ती उच्चारांवर. न-ण, ल-ळ सगळेच घोकून येतात. फसगत होते च-ज-झ मध्ये: 'चार' माणसं आणि गुरांचा 'चारा', 'जरा' थांबा आणि 'जरा'-व्याधी, 'माझा' आणि 'माझ्या'. शिवाय हिंदी गाण्याचं नाव सांगताना मराठी तोंडातून दंत्य 'च' ('चारा'तला) निसटतो, तो परीक्षकाला लगेच टोचतो. रोज वर्तमानपत्रातलं एक पान मोठ्यानं वाचा, तेही अग्रलेख नको. नावं आणि आकडे असलेल्या बातम्या घ्या.

खरखर:
'प' फुटतो कारण हवेचा झोत थेट माइकवर आदळतो. फोन एक वीत लांब आणि तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरका ठेवा. झोत सरळ निघून जातो, आवाज मात्र पोचतो. स्टुडिओतल्या माइकच्या फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. बोलणारा खूश होतो, पण शब्द बुजतात. पंखा बंद करा, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, घुमणं कमी होतं. रेकॉर्डिंगमधल्या आवाजाच्या पातळीचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळू द्या. शून्याला टेकला की आवाज चिरकतो आणि मग दुरुस्त होत नाही.

वाचल्यासारखं वाटण्याचं कारण वेगळं आहे: प्रत्येक शब्दावर सारखाच जोर आणि प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरावर. वाक्यात वजनाचा एकच शब्द अधोरेखित करा, श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारा. मिनिटाला १०० ते १२० शब्द पुरेत. कागद एका बाजूला छापलेले, पिन न मारलेले. पान उलटू नका, बाजूला सरकवा. खसखस ऐकू येते.

लघुलहरी:
आणि निवड झाली तर? नुसतं बोलायचंच असतं ना?

मीडियमवेव्ह५५८:
बोलणं त्यातला छोटा भाग. आधी 'वाणी' प्रशिक्षण असतं. मग क्यू शीट, म्हणजे काय कधी वाजवायचं त्याची यादी, आणि घड्याळ. बातम्या ७.०५ ला. गाणं ३ मिनिटं ४० सेकंद, त्यानंतरची उद्घोषणा १५, केंद्राची ओळख १०. म्हणजे गाणं ७ वाजून ० मिनिटं ५५ सेकंदांनी सुटलंच पाहिजे. उशीर झाला तर अंतरा संपताना फेड करा, म्हणजे आवाज हळूहळू उतरवा, ओळीच्या मध्ये कधीच नाही. वेळ उरला तर वाद्यसंगीत हाताशी हवं, बडबडून भरू नका.

आणि महिन्याला सहाच ड्यूट्या मिळतात, तेव्हा नोकरी सोडू नका.

खरखर:
तोवर हात बसवायला सामुदायिक रेडिओ केंद्र बघा. म्हसवडला माणदेशी तरंग आहे, पुणे विद्यापीठात विद्यावाणी. आवाक्यातल्या केंद्रात आवाज द्यायला माणसं लागतात का, एवढं विचारून यायला काय हरकत आहे?